बांगड्यांवरून वय

शेलूबाजारच्या, बांगड्या भरणाऱ्या मनियारचाचांना साल कधीच सांगता येत नसे. प्लेग असो, टोळधाड असो, ते त्या वेळच्या बांगड्यांवरून सांगत. माझ्या मुलीची सोयरीक अडली होती, कारण ती मुलाहून मोठी आहे, असं मुलाची आत्या म्हणू लागली. जन्मतारखा कोणीच लिहिल्या नव्हत्या. शेवटी आत्याबाईंसमोरच चाचांना विचारलं.

"पोरगा मोठा, भाऊ! त्याच्या बारशाले म्या लाखेच्या बांगड्या भरल्या, हिच्या बारशाले बिलोरी. बिलोरी मागून आल्या."

"मागून कशावरून?" मी विचारलं.

"पोरगी मागून झाली ना!"

"खरंच की वो!" आत्याबाई म्हणाल्या.

मी हिशेबी माणूस, तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात दाराआड मुलगी खुदकन हसली.

"चाचा," मी म्हणालो, "भरा हिला चुडा."