कापलेल्या पट्टीची परीक्षा

तीस वर्षं मी चेन्नईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागे बसले. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. तर शहराबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजातून फोन आला. त्यांनी सिम्युलेशन लॅब काढली होती, म्हणजे औषधाचं खोटं दुकान. खोटं काउंटर, फळ्यांवर आत पेपरमिंट भरलेली खोकी, छतात कॅमेरा. परीक्षेच्या दिवशी तिथे खोटे पेशंट लागायचे, आणि त्यांना खडूस म्हातारी हवी होती. मी मुळातच खडूस, त्यामुळे फार सोंग करावं लागणार नव्हतं. शिवाय मी फार्मासिस्ट, म्हणून मुलांना गुणही मीच द्यायचे. घरी बसून नवऱ्याशी भांडण्यापेक्षा बरं, असं म्हणून मी मांबलम स्टेशनवरून लोकल पकडली.

तिथला प्राध्यापक माझ्या मुलाच्या वयाचा. ‘‘मॅडम, घोकंपट्टीचे दिवस गेले, आता मुलं अनुभवातून शिकणार,’’ असं त्यानं मला तीनदा ऐकवलं. हातात एक टॅबलेट दिला, त्यावर बारा रकाने. मुलानं हसून नमस्कार केला का, स्वतःचं नाव सांगितलं का, डोळ्यांत बघून बोलला का, जाताना ‘काळजी घ्या’ म्हणाला का. प्रत्येकाला आठ मिनिटं, मग घंटा. औषध बरोबर दिलं का, हा रकाना अकरावा होता.

माझी भूमिका अशी: गुडघे दुखतात, दुखणं थांबवायची गोळी मागायची. पण हृदयासाठी मी रक्त पातळ करणारी गोळी घेते, आणि ते आपण होऊन सांगायचं नाही. मुलानं विचारून काढायचं, कारण त्या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. प्रश्न चांगला होता, तेवढं मी कबूल करते. पहिल्या दोघांनी धडपडत का होईना, विचारून काढलं. तिसरा आला तो मी खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाला, ‘‘अम्मा, रक्त पातळ करायची गोळी घेता का?’’ मी अजून गुडघ्याचं नावही काढलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात फोनवरून प्रश्न फुटला होता, आणि पुढची सगळी पोरं दारातूनच तो फेकत आत यायला लागली.

चहाच्या सुट्टीत मी प्राध्यापकाला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मॅडम, म्हणजे मुलं एकमेकांकडून शिकतायत.’’ माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टीनंतर मी कुणाला न विचारता प्रश्न बदलला.

माझ्या पर्समध्ये नवऱ्याच्या गोळ्यांचा एक तुकडा होता. आमच्याकडे दहा गोळ्यांची अख्खी पट्टी कोण घेतो? दुकानदार कात्रीनं कापून चार देतो, सहा देतो. नाव छापलेला भाग दुसऱ्याच्या वाट्याला जातो आणि आपल्या हातात नुसती चांदी येते. पुढच्या खेपेला माणूस तोच तुकडा काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, हीच द्या. मी तीस वर्षं हेच पाहिलं, आणि त्यावरून शेकडो लोकांना फैलावर घेतलं. आता मी तो तुकडा पोरांसमोर टाकला. ‘‘गुडघ्याचं राहू दे, आधी हीच दे. नवऱ्याची बीपीची गोळी आहे.’’

पाच पोरं आली. पाचही जणांनी गोड हसून, नाव सांगून, रक्त पातळ करण्याबद्दल विचारून झाल्यावर पांढऱ्या गोळीचं चित्र असलेलं खोकं काढून मला दिलं, वर गुडघ्याचं बरोबर औषधही दिलं. एकानं तर तुकडा हातातही घेतला नाही. बारा रकान्यांच्या हिशेबानं पाचही पास, कारण अकराव्या रकान्यात फक्त गुडघ्याच्या औषधाचं विचारलं होतं. मी दात-ओठ खात खुणा केल्या.

सहाव्या मुलीच्या आधी प्राध्यापक आत डोकावला. ‘‘मॅडम, ही आधी एकदा नापास झालीय. आज गेली तर वर्ष गेलं. एका हॉस्पिटलात नोकरी ठरलीय, तीही जाईल. जरा सांभाळून घ्या.’’ मी म्हटलं, दुकानात पेशंट कुणाला सांभाळून घेत नाही.

ती आली. हसली नाही, नमस्कार नाही, नाव सांगितलं नाही. घामानं तिचा कोट पाठीला चिकटला होता. मी तुकडा टाकला, तिनं तो उचलून दिव्याखाली धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

‘‘अम्मा, ही खरी गोळी आहे.’’

‘‘मग खोट्या गोळीनं बीपी उतरतं का?’’

‘‘यावर नाव नाही. मी रंग बघून गोळी देणार नाही. उरलेली पट्टी आणा, नाहीतर डॉक्टरची चिठ्ठी.’’

‘‘पाच पोरांनी दिली आत्ता.’’

‘‘त्यांनी द्यायला नको होती.’’

मला मनातून बरं वाटलं, पण सोंग सोडलं नाही. ‘‘मला शिकवतेस? नवरा रोज हीच घेतो.’’

‘‘बीपीची आहे असं कशावरून म्हणता?’’

‘‘डब्यात डाव्या बाजूला असते.’’

‘‘डबा कोण भरतं?’’

‘‘मी.’’

‘‘आणि पट्टी कोण कापतं?’’

यातलं एकही उत्तर लिहून दिलेलं नव्हतं. पट्टी दुकानदार कापतो, असं मी सांगणार होते. पण आमच्या घरी दुकानदाराच्या हातून वाचलेली पट्टीही मीच कापते, डब्यात नीट बसावी म्हणून. ती माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती, आणि माझा चेहरा तापला. ‘‘चार बुकं वाचून मोठी झालीस,’’ मी म्हटलं, आणि हे नाटकातलं नव्हतं. घंटा झाली. तिनं रक्ताबद्दल विचारलं नव्हतं, औषध दिलं नव्हतं, ‘काळजी घ्या’ म्हटलं नव्हतं. बारापैकी दोन रकाने भरले. प्राध्यापकाशी मी बोलू शकले असते. नाही बोलले. खाली सही केली आणि टॅबलेट परत दिला. एका पोरीनं मला माझ्याच धंद्यात उघडं पाडलं होतं आणि मला तिचा राग आला होता, खरं कारण एवढंच.

घरी येऊन तुकडा परत ठेवायला डबा उघडला. डाव्या खणात तसलेच तुकडे, उजव्या खणातही तसलेच. एक बीपीची, एक थायरॉइडची, दोन्ही पांढऱ्या, गोल, बारीक. सकाळी घाईत मी कुठल्या खणातून उचलला होता ते मला आठवेना. जेवणाच्या टेबलावर बसून मी त्या गोळ्या चष्म्यातून बघत राहिले. नवरा तंजावरच्या मराठी घरातला, शांत माणूस. मागे उभा राहून म्हणाला, ‘‘तुला कळत नसलं तर मी इतके दिवस काय खाल्लं?’’ लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. सगळे तुकडे मी फेकून दिले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून अख्ख्या पट्ट्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले आणि लिहून दिलं, की प्रश्न मी बदलला होता, मुलगी बरोबर होती, तिला पास करावं. प्राध्यापक चिडला. तिला एकटीला पास करता येणार नव्हतं. मी प्रश्न बदलल्याचं कागदावर आलं, म्हणजे माझ्यासमोर आलेल्या सगळ्यांचीच परीक्षा पुन्हा घ्यावी लागणार होती. ‘‘यासाठी तुम्हाला बोलावलं नव्हतं, मॅडम,’’ असं तो म्हणाला. पोरांनी व्हरांड्यात मला काय काय नावं ठेवली ती कानावर आली. ठेवू देत. इतक्या लवकर दुसरी म्हातारी कुठून आणणार, म्हणून पेशंट मीच. फक्त या वेळी पर्स बाहेर ठेवायची आणि लिहिलेल्यातला शब्द बदलायचा नाही.

ती मुलगी चौथी आली. दारातच थांबली, हसली, हात जोडले, नाव सांगितलं. माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, ‘‘अम्मा, रक्त पातळ करायची गोळी घेता का?’’ मी हो म्हटलं. गुडघे दुखतात हे मी सांगायच्या आत तिनं बरोबर खोकं काढून ठेवलं. काळजी घ्या म्हणाली. तीन मिनिटांत झालं. बाराच्या बारा रकाने भरले, प्राध्यापक काचेपलीकडून मान डोलवत होता.

सही करून मी बाहेर आले. ती पाण्याच्या नळापाशी उभी होती. मी विचारलं, ‘‘त्या दिवशी मला भंडावून सोडलंस. आज माझं दुखणं ऐकूनही घेतलं नाहीस. का?’’

तिला माझा प्रश्नच कळला नाही. ‘‘त्या दिवशी तुम्ही नापास केलं ना, अम्मा,’’ ती म्हणाली.