भागूबाईनं मांडलेला चौक

जूचंद्रच्या शाळेच्या भिंतीवर मी देवी काढली, तीही पळताना. शेजारच्या कामणला देवीची साथ आली होती आणि सोमवारी आमच्या गावात देवीडॉक्टर टोचायला येणार होते. लोकांना धीर यावा म्हणून मी गेरू-चुन्यानं चित्र रंगवलं: पुढे लाल लुगडं सावरत पळणारी देवी, मागे सुई घेतलेला डॉक्टर. वसईच्या शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळवलेला नवा मास्तर मी. ते बक्षीस कुठेतरी मिरवायला हवंच होतं.

साथ पळाली, असं मला सांगायचं होतं. गावाला दिसली ती पाठ. देवीनं गावाकडे पाठ फिरवली! सोमवारी देवीडॉक्टर फ्रेडरिक सायकलवरून आले, तर सगळी दारं बंद.

"मास्तर, गावाला सुट्टी दिलीत काय?" ते म्हणाले. "गुरुवारी एकदा येईन. मग कामणातून सवड नाही."

संध्याकाळी भागूबाई आली. ती गावची धवलारीण. लग्नात धवले गायची, तांदळाच्या पिठाचा चौक मांडायची. तिच्याशिवाय कुणाला हळद लागत नसे. तिचा थोरला धर्मा लहानपणीच देवीनं गेला होता. आता धाकट्याची बायको हंसा तान्ह्या पोराला छातीशी धरून बसली होती. माझं चित्र पाहिल्यापासून ती म्हणत होती, सुई लावू देणार नाही.

भागूबाईनं भिंत निरखली. "हात बरा हाय तुझा. अक्कल येल मागून."

"पुसून टाकू?"

"देवीला पुसतंस? गप बस नि चुना कालव."

तिनं बोटानंच देवीच्या खांद्यावर एक पोर काढलं. मागे बघून हसणारं, डॉक्टरकडे दंड पुढे केलेलं. एवढंच. पळणारी देवी एकदम पोर खांद्यावर घेऊन टोचून घ्यायला आलेली आई झाली. माझं बक्षीस मी मनातल्या मनात परत केलं.

गुरुवारी बायका चित्र बघायला आल्या; बघून लांबच उभ्या राहिल्या. भागूबाईनं भिंतीखाली चौक मांडला, त्यावर पाट ठेवला आणि गायला लागली. मांडलेला चौक रिकामा मोडत नाहीत, आणि पाटावर कुणी बसेपर्यंत धवलारीण थांबत नाही, हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. फ्रेडरिक सुई घेऊन ताटकळले. उन्हं वर आली. भागूबाईचा आवाज चिरकायला लागला, तरी तिनं हंसाकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटी हंसाच पुढे आली. "आत्या, पुरं करा ना. घसा फाटंल."

भागूबाई गातच राहिली.

हंसा पोराला मांडीवर घेऊन पाटावर बसली. सुई लागली. पोरानं भोकाड पसरलं, तेव्हा कुठे भागूबाई थांबली.

"आता त्याचं गानं ऐका," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

मग दुसरी बसली, तिसरी बसली. दुपारपर्यंत चौक पायांनी पार पुसून गेला.

"भागूबाई, तुला काय देऊ?" मी विचारलं.

"माजा धर्मा काढून दे. कागदावर. तोंडावर देवीचं वन नको काढू."

मी धर्माला कधी पाहिलं नव्हतं. ती सांगते तसा काढतो, नेऊन दाखवतो. ती प्रत्येक वेळी कौतुकानं बघते आणि विचारते, "छान हाय. कोनाचं पोर?"

परवा म्हणाली, त्याचा डावा कान जरा दुमडलेला होता. आज पुन्हा कागद घेऊन बसलोय. कान जमलाय. डोळे राहिलेत.