उजव्या दाराची गाडी

"घाई असेल तर विमानानं जा."

हे वाक्य भानुदास रामटेके येता-जाता म्हणायचे. हायवेवर मागून कुणी हॉर्न वाजवला की म्हणायचे, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कुणी ताटं मांडली तरी म्हणायचे. त्यांच्या बायकोचे, सुजाताबाईंचे, ते ऐकून ऐकून कान किटले होते.

मूळचे नागपुरातल्या इंदोऱ्याचे भानुदास अमेरिकेत ॲन आर्बरला आले, एका मोटार कंपनीत गिअरबॉक्सचं काम करत केस पांढरे केले आणि गॅरेजात एक इटालियन गाडी पाळली. पाळली हाच शब्द खरा, कारण तिची विचारपूस केल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा जात नसे. गाडी लान्चिया ऑरेलिया, त्रेपन्न सालची, पहाटेच्या धुक्यासारखी राखी-निळी. एका म्हाताऱ्या इटालियन बाईच्या कोठारात कोंबड्या तिच्यावर अंडी घालत होत्या, तिथून त्यांनी ती उचलून आणली आणि खिळा न् खिळा सोडवून पुन्हा उभी केली. गाडीपुढे लिंबू-नारळ काही ठेवलं नाही. काचेमागे दीक्षाभूमीवरचं बोधीचं एक पान तेवढं लावलं.

पाहुणा आला की ते सांगत सुटत. "ही शर्यतीची गाडी नाही आणि भाजी आणायचीही नाही. दोन माणसं, दोन बॅगा. सकाळी आल्प्सच्या अलीकडून निघायचं आणि संध्याकाळी पलीकडे हसत जेवायला बसायचं. ग्रॅन तुरिस्मो म्हणजे हेच, लांबचा प्रवास सुखानं करणं. इंजिनाचे तीन सिलिंडर या अंगाला, तीन त्या अंगाला. बाजारात विकायच्या गाडीत असं इंजिन पहिल्यांदा हिच्याच घराण्यात आलं. गिअरबॉक्स पार मागच्या चाकांपाशी, म्हणजे दोन्ही टोकांना वजन सारखं. एक्कावन्नला इटलीभरच्या शर्यतीत हिची थोरली बहीण दुसरी आली, पुढे होती ती दुप्पट इंजिनाची!"

आणि शेवटी मानाची गोष्ट. इटलीतही वाहनं उजवीकडूनच चालतात, तरी हिचं स्टिअरिंग उजव्या हाताला. घाटात दरीची कड ड्रायव्हरला दिसावी म्हणून. "आपल्या नागपूरसारखं," म्हणताना भानुदासांची छाती फुगायची.

सुजाताबाई मात्र तिच्यात कधी बसल्या नाहीत. "पेट्रोलचा वास येतो आणि तुमचं भाषण फुकट ऐकावं लागतं," म्हणायच्या.

या हिवाळ्यात भानुदासांचा डावा खांदा आखडला. या गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, हात उचलून ओढायचा. हात उचलेना. बर्फ वितळलं, मेपलला पालवी आली, तरी उचलेना.

"उभी गाडी म्हणजे कपाट," एक दिवस ते म्हणाले. "मला कपाट नको. शिकागोचा एक माणूस रविवारी येतोय विकत न्यायला."

सहज म्हणाले. पण गॅरेजात नेलेला चहा तसाच थंड परत येऊ लागला, ते सुजाताबाईंनी पाहिलं.

शनिवारी शेजारचा विवेक गाडी बाहेर काढायला आला. निदान नदीकाठी एक फेरी मारून आणू म्हणाला. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. कशीबशी दारापुढे आली.

"सॉरी काका, मी ऑटोमॅटिकवाला आहे यार," घाम पुसत तो उतरला. "आता इंजिन चालू आहे तेवढं ठेवा. फोटो काढू, कॅन्सल करू फेरी."

"राहू दे," भानुदास म्हणाले. मग बायकोकडे न बघताच, "गाडी जायच्या आधी एकदा बस तरी तिच्यात."

सुजाताबाईंनी या वेळी वाद घातला नाही. पदर खोचला, पुढून वळसा घालून गेल्या, उजवं दार उघडलं आणि बसल्या. या देशात आल्यापासून त्या उजव्या दारानंच नवऱ्याशेजारी बसत आल्या होत्या. बसल्यावर बघतात तर समोर स्टिअरिंग!

विवेक पोट धरून हसला. "काकू, त्या बाजूला!"

सुजाताबाई हसल्या नाहीत, उठल्याही नाहीत. डावा हात आपसूक उचलला आणि दांड्यावर गेला. नागपुरात कामठी रोडला बाबांच्या फियाट टॅक्सीला असाच दांडा होता. लग्नाआधी त्याच गाडीवर त्या शिकल्या होत्या. इथली डाव्या स्टिअरिंगची गाडी त्यांना कधी रुचली नाही, म्हणून चालवणंच सोडून दिलं होतं. पाय क्लचवर गेला. दांडा जरा चाचपला, सापडला. आवाजसुद्धा झाला नाही.

"अगं, अगं!" भानुदास ओरडले.

"अगं काय? तिकडून बसा. आणि दार हळू लावा, गाडी जुनी आहे."

हुरॉन नदीच्या कडेनं रस्ता वळत जातो. सुजाताबाई प्रत्येक वळणाआधी गिअर उतरवत आणि वळण संपता संपता चढवत. इंजिन पोट भरल्या म्हशीसारखं समाधानानं हुंकारत होतं. भानुदास आधी सूचना देत होते, मग लहान पोरासारखे हसायला लागले.

"बाबांनी शिकवलं?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

भानुदासांनी फोन काढला आणि शिकागोच्या माणसाला सांगितलं, "सॉरी, येऊ नका. ड्रायव्हर मिळाली."

थोडं पुढे जाऊन म्हणाले, "थांबव. मी तिला धावताना बाहेरून कधी बघितलंच नाही. नेहमी आतच होतो. त्या वळणावर जाऊन उभा राहतो, मग ये."

"फार लांब आहे की! चालत?"

"घाई असेल तर..."

"जा, जा," सुजाताबाई म्हणाल्या.

ते निघाले. डावा हात अंगाशी, उजवा मोकळा हलतोय. स्टिअरिंगवर हात ठेवून, बोधीच्या पानाशेजारून, सुजाताबाई त्यांची पाठ वळणापर्यंत लहान होत जाताना बघत राहिल्या.