वाढत्या अंगाचा पट्टा

मास्तरांचं ग्रीस-तेलाने माखलेलं अंगण पाहिलं तर हा माणूस जन्मभर कपडे शिवत होता हे कुणाला खरं वाटणार नाही. आणि त्यांची हत्यारं पाहिली तर दुसरं काही करत असेल असं वाटणार नाही. जाड निळ्या कापडाची एक गुंडाळी. ती उलगडली की नट-बोल्ट फिरवायचे लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे पाने आपापल्या खिशात गाढ झोपलेले, आणि प्रत्येक खिशावर लाल दोऱ्याने नंबर भरलेला. पक्कड अंगाने जड, म्हणून तिच्या खिशाला दुहेरी शिलाई. नट खाली घरंगळला तर शोधायला टाचण्या उचलायचं जुनं लोहचुंबक. बोल्ट सोडवण्याआधी त्यावर खडूची खूण. आणि बॉनेट उघडण्याआधी साबणाने हात धुवायचे, कारण दुकानात कापडाला हात लावण्याआधी तीच सवय. लोक गाडीचं काम झाल्यावर हात धुतात, मास्तर आधी धुतात, असं शेजारी म्हणत. मास्तरांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

सगळ्यात लाडका त्यांचा बोल्टच्या डोक्यावर बसवून फिरवायचा गोटी पाना. फिरवला की कट-कट-कट असा आवाज करायचा, शिलाई मशीन सावकाश चालवल्यासारखा. हाताला काम नसलं की मास्तर तो नुसता हवेत फिरवत बसत. तेवढ्या वेळात भाजी चिरून झाली असती, असं बायको आतून ऐकवायची.

गाडी त्यांनी दुकान बंद केल्यावर घेतली. जुनी, पांढरी, बऱ्याच हातांतून फिरलेली. घेताना मनात एकच गोष्ट होती. इतकी वर्षं नवराबायको त्या चिंचोळ्या दुकानात पाठीला पाठ लावून बसले होते, हे मशीनवर, ती काजं-बटणं करत. आता तिला शेजारी पुढच्या सीटवर बसवायचं आणि दोघांनी मिळून एकाच दिशेला बघायचं.

पण गाडी सुरू केली की किंकाळी फोडायची. पहिल्याच फेरीला अख्खी गल्ली खिडकीत आली. कोणाचा गळा दाबताहेत ते तरी कळू दे, म्हणून एक म्हातारी दारापर्यंत उतरली. बायको कोपऱ्यावरच गाडीतून उतरली आणि मान खाली घालून चालत घरी आली. ही ओरडायची थांबेल तेव्हाच बसेन, असं तिने सांगून टाकलं, आणि तेव्हापासून बाजाराला बसने जाऊ लागली.

मास्तर इरेला पेटले. इंजिनचा पट्टा बदलला, पुन्हा बदलला. तो ज्या चाकांवरून फिरतो ती घासून आरशासारखी केली. किंकाळी काही हटेना. कोपऱ्यावरचा मेकॅनिक बघतो म्हणाला, तर मास्तरांनी मानच हलवली. घरची उसवण दुसऱ्याच्या दुकानात टाकायची नाही, हा त्यांचा बाणा. शेवटी एका रविवारी त्यांनी गुंडाळी आवळून बांधली, बायकोसमोर ठेवली आणि गाडी विकून टाकतो म्हणाले. आवाज अगदीच खाली गेला होता.

तशी बायको पदराला हात पुसत अंगणात आली आणि नेमकं काय करता ते दाखवा म्हणाली. मास्तरांनी बॉनेट उघडलं, हा पट्टा याला फिरवतो, हा त्याला, असं सगळं समजावलं. तिने पट्ट्यावर बोट दाबलं. तो पाळण्याच्या दोरीसारखा खाली गेला.

"एवढा सैल का?"

"अगं, श्वास घ्यायला जागा नको का? तंग बसवलं की उसवतं," मास्तर म्हणाले, थोड्या अभिमानानेच.

बायको पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, गावभर सगळ्यांना वाढत्या अंगाचं शिवलंत. माझी एक बाही कधी मनगटावर थांबली नाही. पण हा पट्टा काय वाढत्या अंगाचा आहे?"

मास्तरांनी स्वतः पट्ट्यावर बोट दाबून पाहिलं. मग त्यांनी गुंडाळी सोडली. पट्टा ताठ व्हावा म्हणून तो ज्याला फिरवतो तो डायनॅमो बायकोने लोखंडी पहारीने बाहेर रेटून धरला, मास्तरांनी बोल्ट आवळला, आणि अजून जरा, अजून जरा, असं बायकोच सांगत होती. किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घुमलं. मास्तरांनी दोन वेळा बंद करून पुन्हा सुरू केलं, कारण कानांवर विश्वास बसेना.

बायको आत जाऊन ठेवणीतले कपडे घालून आली आणि पुढच्या सीटवर बसली. गाडी गल्लीतून निघाली. मास्तरांना इतका आनंद झाला होता की गिअर बदलायचंही सुचत नव्हतं. बायको मात्र डावीउजवीकडे बघत होती. एकही खिडकी उघडली नाही, एकही मान वळली नाही. कोपऱ्यावर पोचल्यावर तिने गाडी पुन्हा गल्लीतून घ्यायला लावली. तरी कुणी नाही.

तेव्हा तिने शेजारून हात लांबवला आणि हॉर्न दाबून धरला.

धडाधड खिडक्या उघडल्या. म्हातारी दारात आली. बायको सरळ समोर बघत बसली आणि हळूच म्हणाली,

"आता जरा सावकाश घ्या."