घडांत पाणी उतरल्यावर

मी एका मिशनच्या शाळेत ऑफिसात होते, त्यामुळे नाताळ ते एक जानेवारी ही माझी हक्काची सुट्टी. हे अंबडच्या कारखान्यात. वर्षभर न घेतलेली रजा डिसेंबरअखेर बुडायची, म्हणून तेही ती याच आठवड्यात टाकत. मुलगी आणि मुलगा शाळेतून मोकळे. चौघं एकाच वेळी रिकामे असण्याचा वर्षातला हा एकच आठवडा, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून तो पिंपळगावजवळच्या सासऱ्यांच्या द्राक्षबागेत जात होता.

सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणायचे. त्यांचा एक नियम होता. घडांत पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरू लागले, की तोडणी होईपर्यंत घरच्या पुरुषाने गावाच्या शिवेबाहेर मुक्काम करायचा नाही. सख्ख्या भाचीचं लग्न डिसेंबरात निघालं, तेव्हा दादा अक्षता टाकून न जेवता परत आले होते. ह्यांना नोकरीमुळे या नियमातून सूट होती, पण रजा लागली की सूट संपायची. एकुलता एक मुलगा, दुसरं कोण होतं?

कामाला माझी ना नव्हती. आठ दिवस भाकऱ्या थापायच्या, मजुरांचा चहा बघायचा, थंडी वाढली की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे उठून ओळींमध्ये शेकोट्या करायच्या, धुराने डोळे चोळत परत यायचं. एकतीस तारखेला शेजारणी सरलेल्या वर्षाचं काहीबाही बोलायच्या आणि मला ते वर्ष मागच्यापासून वेगळं काढता यायचं नाही. सगळी वर्षं एकाच मांडवाखाली उभी असल्यासारखी वाटायची.

मुलगी नववीत गेली तेव्हा मी कॅलेंडरसमोर उभी राहून सरळ विचार केला. पुढच्या नाताळात तिची दहावी, मग अकरावी-बारावी, मग कोण कुठे असेल सांगता येत नाही. दोन्ही मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. चौघांनी मिळून तो बघायचा असेल तर याच वर्षी. दिवाळी होताच रातराणीचं रिझर्वेशन केलं, गुहागरला एका घरी राहायची सोय पत्राने पक्की केली, नेण्याच्या सामानाची यादी फ्रिजला लावली. एकच काम माझ्या हातात नव्हतं. दादांना सांगायचं ते ह्यांनी. दिवाळीपासून हे "सांगतो" म्हणत होते. शेवटी म्हणाले, फोनवर बरं दिसत नाही, जायच्या दिवशी दुपारी शेतावर जाऊ, समक्ष सांगू आणि तसेच निघू.

मी ते मानलं आणि आम्ही बॅगांसकट तिथे गेलो.

दारात जीप थांबली तशा सासूबाई पुढे आल्या. "बरं झालं, या बारीला लवकर आलात," असं म्हणत त्यांनी तिन्ही बॅगा आतल्या खोलीत नेऊन पलंगाखाली सारल्या. मुलांच्या हातात शेंगदाण्याचे लाडू आले. दादा बागेत होते, मांडवाच्या तारेला टांगलेला थर्मामीटर बघत. उद्या पहाटे पारा लय खाली येणार, मजूर मिळत नाही, सगळ्यांच्याच बागांत शेकोट्या पेटणार, तेव्हा ओळी वाटून घेतल्यात, पलीकडच्या तुमच्या, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

हे म्हणाले, "बरं."

आणि शर्ट काढून बनियनवर काड्यांचे भारे वाहायला लागले. मी मागोमाग गेले. हे म्हणाले, जेवताना सांगतो. जेवताना त्यांनी ठेच्याची तारीफ केली, बोअरच्या पाण्याची चौकशी केली, मोटरीला वीज किती वाजता येते ते विचारलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मला त्या स्वयंपाकघराच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या.

मीच बोलले. "दादा, आमची संध्याकाळची गाडी आहे. मुलांना समुद्र दाखवायला नेतोय."

दादांनी घास संपवला, पाणी प्यायले. "जा की. कोणी धरून ठेवलंय?"

आवाजात राग नव्हता. सासूबाईंना म्हणाले, पोरांना वाटेत खायला बांधून दे. मग उठताना गुडघा धरून म्हणाले, "माझं काय, मी एकटाबी पेटवीन."

खरंच पेटवलं असतं. तेच अवघड होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते, भांडायची तयारी मी करूनच आले होते. पण दार सताड उघडं होतं आणि कोणी आडवं उभं नव्हतं. अशा दारातून बाहेर कसं पडायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

हायवेवर काळी-पिवळी मिळते, तिथपर्यंत हे सोडायला आले. मुलं पुढे पळत होती. रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, ह्यांच्या हातात दोनच बॅगा आहेत. ह्यांच्या कपड्यांची पलंगाखालीच राहिली होती.

"तू जा पोरांना घेऊन," हे म्हणाले. "मी आलो तर तिथे बसून थंडी किती पडली तेच विचारत बसेन."

मुलगी म्हणाली, "मला माहीत होतं, पप्पा." रुसली नव्हती. उद्या रविवार आहे म्हणावं तसं म्हणाली.

मी परत फिरले असते तर कोणालाच आश्चर्य वाटलं नसतं, मला तर नाहीच. टॅक्सीवाला पाठीमागच्या सीटवर माणसं दाबून बसवत होता. मी मुलांना आत ढकललं आणि त्यांच्यामागे चढले.

समुद्र चांगला होता. मुलं दिवसभर पाण्यात असत. मी वाळूत बसून राही आणि पहाटे कोणी उठवत नसतानाही उठे.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी एसटीडी बूथवरून शेतावर फोन लावला. मुलं आधी बोलली, एकमेकांच्या हातून रिसीव्हर ओढत. मग माझी पाळी आली.

"मणी तडकले नाहीत," हे म्हणाले. "आपल्या ओळी वाचल्या."

"आणि दादांचा गुडघा?"

"सुजलाय. ऐकतात कुठे." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी चौघं जाऊ."

"पुढच्या वर्षी तिची दहावी आहे."

"हो की."

मागून दादांची हाक ऐकू आली. वीज आली होती, मोटर चालू करायची होती. हे म्हणाले, "ठेवतो." मी म्हटलं, "ठेवा."