पूजेत ठेवलेला पाना

आमच्या घरी आता खंडेनवमीला हत्यारांची पूजा होत नाही. बायको दरवर्षी मागे लागते, मी ऐकत नाही. देवावर राग नाही हो, राग माझा माझ्यावरच आहे.

अमरावतीजवळ विमान चालवायला शिकवणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी मेकॅनिक होतो. त्या नवमीच्या दुपारी एका विमानाची पेट्रोलची नळी उघडून साफ केली, परत लावली, नट हातानं फिरवून बसवला. आता फक्त पान्यानं कसायचा होता. तेवढ्यात मोठे मिस्त्री पूजेसाठी पाने-हातोड्या गोळा करत आले. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. अकोल्याला बापाच्या गॅरेजातही हेच पाहिलेलं.

"मुहूर्त चालला ना बावा," त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला. "सकाळी कसजो. सही करून टाक, रजिस्टर आजच वर द्यायचं हाय."

केली सही. कुणी गळा धरला नव्हता. झक मारली न् केली.

सकाळी पोचलो तर तेच विमान बाहेर निघालेलं, पंखा फिरत होता. आत अंजनगावचा आमचा तरणा शिक्षक, एकटाच. विद्यार्थी यायच्या आधी एक फेरी मारून पाहणार होता. तो नेहमी म्हणायचा, "दादा, तुमची सही असली का मी आत डोकावून पायत नाई."

मला पाहून त्यानं हात हलवला. दोन्ही हात वर करून आडवा गेलो असतो तर थांबला असता. पण मग सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं, काम अर्धं अन् सही पुरी. लाज वाटली. म्हटलं, हातानं घट्ट बसवलाय, एका फेरीला काय होतं! मीही हात हलवला.

वर गेला आणि इंजिन बंद पडलं. परत वळताना तो तुरीच्या वावरात कोसळला. धावत गेलो, पण जाळामुळे कुणालाच जवळ जाता आलं नाही.

नळीचं काही उरलं नाही. रजिस्टर पुरं होतं. एवढ्या कमी उंचीवर त्यानं वळायला नको होतं, असं चौकशीत ठरलं. मिस्त्री गप्प, मीही गप्प.

महिन्याभरानं त्याचे वडील आले. जन्मभर बस चालवलेला माणूस.

"भाऊ, त्याले म्या लहानपणापासून शिकवलं, गाडी खालून-वरून पायल्याबिगर काढाची नाई. सारे त्याचीच चूक म्हन्तात. तुमी होते तिथं. तुमी सांगा."

चूक त्याची नव्हती. तीनच शब्द सांगायचे होते. मी मान खाली घातली.

 ते म्हणाले, "तुमचं काम लय चोख, असं सांगे तो. म्हन्जे पोट्टंच बेपर्वा निघालं." त्यांनी मला हात जोडले.

म्हातारा फाटकापर्यंत मेलेल्या पोराला शिव्या देत गेला. मी उभा राहून ऐकल्या.