करुप्पनची मराठी

हेरंबराव निवृत्त झाले त्या दिवशी प्राणिसंग्रहालयात त्यांना शाल पांघरली, चंदनाचा हार घातला, साहेबांनी भलंमोठं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच साहेबांचा फोन आला. अस्वल आत जात नाही, जरा येऊन जाल का? हेरंबराव चपला पायांत सरकवून चेन्नईतल्या तांबरमच्या घरातून निघाले. त्या 'जरा'ला आता दोन वर्षं होत आली होती.

अस्वलाचं नाव करुप्पन. दिवसभर तो खंदकाच्या पलीकडच्या मोकळ्या आवारात लोकांना दर्शन द्यायचा, आणि संध्याकाळी त्याला मागच्या खोलीत बोलावून, जेवू घालून दार खाली सोडायचं, अशी पद्धत. जनावर आत असलं की आवार झाडता येतं, नखं, दात, कातडी जवळून बघता येते. वाघ, बिबटे, हरणं, सगळी आपापल्या माणसाच्या हाकेनं आत जातात. करुप्पनही जायचा. फक्त त्याला हाक मराठीत लागायची, आणि तीही तंजावरची.

हे सगळं हेरंबरावांनी स्वतःच्या हातानं करून ठेवलं होतं. करुप्पन धर्मपुरीकडच्या एका कोरड्या विहिरीत सापडला, तेव्हा तो मांजराएवढा होता. अस्वलाचं पिल्लू आईच्या पाठीवर बसून, तिचे लांब केस मुठीत धरून वाढतं. या पिल्लाला ना आई ना पाठ. ते रात्रंदिवस किंचाळायचं. शेवटी हेरंबरावांनी एक जुनं पोतं पाठीला बांधलं आणि पिल्लाला त्यावर चढवलं. ते गप्प झालं. मग त्याला पाठीवर घेऊनच ते बादल्या भरायचे, नाचणीची पेज ढवळायचे आणि बोलत राहायचे. नुकतीच त्यांची आई गेली होती. लेक संयुक्ता शाळेत जायला लागल्यापासून मराठीत विचारलेल्याचं उत्तर तमिळमध्ये देत होती. तोंडात आलेली मराठी कुठंतरी टाकायला हवी होती, ती त्यांनी अस्वलाच्या कानात टाकली.

तेव्हाच्या मुकादमानं बजावलं होतं, "तमिळमध्ये शिकव बाबा, तू काय जन्मभर पुरणार आहेस?" हेरंबराव हसले होते. जनावराला कसली आलीय भाषा! पण खरं सांगायचं तर त्यांना मनातून बरं वाटलं होतं. अख्ख्या चेन्नईत आपल्यावाचून कोणाचं ऐकत नाही असं एक तरी कोणी असावं, याची त्यांना हौस होती. ती पुढं चांगलीच अंगाशी आली.

करुप्पन मोठा झाला, आडदांड झाला. वरचे पुढचे दोन दात अस्वलाला नसतातच. त्या फटीला ओठांची नळी लावून, नाकपुड्या मिटून तो वारुळातल्या वाळव्या अशा ओढायचा की खंदकापलीकडच्या पोरांना तो आवाज ऐकू जायचा आणि ती खिदळायची. हेरंबराव त्याच्यासाठी ओंडक्यांना भोकं पाडून मध भरायचे, फणसाचे गरे उंच फांदीवर टांगायचे, म्हणजे त्याच्या त्या वाकड्या लांब नखांना काम मिळे. "हात दाखीव" म्हटलं की तो गजांतून पंजा बाहेर द्यायचा. "तोंड उघड" म्हटलं की जबडा वासायचा. पाहुण्यांसमोर हेरंबरावांची छाती फुगायची.

या छाती फुगवण्याची किंमत बायकोनं मोजली. तुळजाबाई तंजावरच्याच, बोलक्या, चेष्टेखोर. नवरा घरी यायचा तो थकलेला, दमलेला आणि गप्प. ना सुट्टी, ना कोणाच्या लग्नाला मुक्काम. टी. नगरला साडी घ्यायला गेलं तरी संध्याकाळच्या आत परत पळायचं. "सगळं बोलणं तिथंच सांडूनशी येतां," त्या म्हणायच्या, "मग घरीं मौनव्रत. मी पण एखादे दिवशीं वारूळ खाऊं काय?" हेरंबराव हसून ताट पुढं ओढायचे.

निवृत्तीनंतर हरणांकडच्या सरोजाला करुप्पनकडे दिलं. चाळिशीची, मेहनती बाई. तिनं मराठीची वाक्यं पाठ केली, हेरंबरावांची हाक मारण्याची चालही उचलली. करुप्पन तिची हाक ऐकून अर्ध्या वाटेपर्यंत यायचा, नाक वर करून हवेत हुंगायचा आणि पाठ फिरवायचा. अस्वलाला डोळ्यांनी कमी दिसतं, पण त्याचं नाक फसत नाही. मग खोलीमागं उभे असलेले हेरंबराव पुढं यायचे. सरोजाचा चेहरा उतरायचा. आणि हेरंबराव तिला "हळूहळू जमेल" म्हणायचे ते इतक्या गोड आवाजात, की सांगता सोय नाही.

अस्वल पिंजऱ्यात तिशी गाठतं. करुप्पन अठराचा. हा हिशेब तुळजाबाईंनी केव्हाच करून ठेवला होता.

संयुक्ताला कोइम्बतूरला मुलगा झाला तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं. "तिकडंच राहूं. घर बंद करा. डॉक्टरांनीं सांगितलं न्हवे, तुम्ही दिसेनासे झालां की तें शिकेल?" जनावरांचे डॉक्टर रामस्वामी खरंच तसं म्हणाले होते. दोन-चार दिवस रुसेल, मग भूक शिकवेल. हेरंबरावांनी मान डोलावली. फोन घ्यायचा नाही, असंही कबूल केलं.

दोघं कोइम्बतूरला आली. आठवडा चांगला गेला. करुप्पन रात्री बाहेरच राहत होता, पण सरोजानं आवारात ठेवलेलं थोडंथोडं खात होता. हेरंबराव नातवाला मांडीवर घेऊन बसायचे. तुळजाबाई बऱ्याच वर्षांनी दुपारी निवांत झोपल्या.

आणि मग चेन्नईवर वादळ येणार म्हणून बातम्या सुरू झाल्या. दुपारपासून फोन वाजत होता. हेरंबराव त्याकडे बघत बसून राहिले. संध्याकाळी तुळजाबाईंनीच तो उचलला. पलीकडं डॉक्टर रामस्वामी तमिळमध्ये ओरडत होते. वारा सुटलाय, आवारातली झाडं वाकलीयत, सगळी जनावरं आत गेली, करुप्पन तेवढा चिंचेखाली बसलाय. तो बिथरलेला असला की भुलीचं औषध लागू होत नाही, अन् या वाऱ्यात बंदुकीचा नेमही धरता येत नाही. चिंच पडली तर संपलं सगळं.

तुळजाबाईंनी फोन नवऱ्यापुढं धरला. "बोला. मुकं जनावर तें."

हेरंबरावांनी फोन कानाशी धरला. हाक मारली की आपण पुन्हा अडकलो, हे त्यांना स्पष्ट कळत होतं. तिकडं सरोजानं फोन ध्वनिवर्धकाला लावला होता. पावसाचा आणि वाऱ्याचा नुसता कल्लोळ ऐकू येत होता. त्यात करुप्पनला कसला वास लागणार, आता भिस्त आवाजावरच होती.

"ये रे बाळा," ते म्हणाले. मग जोरात, "आंत ये! भिजूं नको. ये माझ्या राजा, जेव, निज. ये!"

नातू दचकून रडायला लागला. संयुक्ता त्याला घेऊन आत गेली. हेरंबराव घसा फाटेपर्यंत बोलत होते, आईच्या तोंडचे, तंजावरच्या गल्लीतले, विसरलेसे वाटणारे शब्द. बऱ्याच वेळानं लोखंडी दार पडल्याचा आवाज आला आणि सरोजा रडत म्हणाली, "आला सार, आत आला."

हेरंबराव खुर्चीत बसले. अंग घामानं भिजलं होतं. जीव वाचला म्हणून आनंद झाला, हे ठीकच होतं. पण सरोजाला जमलं नाही याचा त्याहून जास्त आनंद झाला, आणि त्याची त्यांना लाज वाटली. तुळजाबाईंना तो आनंद दिसला असणार. इतकी वर्षं त्यांनी तोच तर चेहरा पाहिला होता.

फोनवर डॉक्टर सांगत होते, "आत आलाय, पण ताटाला तोंड लावत नाही सार. प्रत्येक कोपरा हुंगतोय, तुम्हाला शोधतोय. वादळ ओसरलं की दोन दिवसांसाठी येऊन जाल का?"

"येतों," हेरंबराव म्हणाले. विचारही केला नाही.

तुळजाबाई उठल्या. त्यांनी कपाटावरची बॅग काढली, पलंगावर उघडी टाकली आणि इस्त्रीचे कपडे घड्या घालून भरू लागल्या. हेरंबराव दारात येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं, चांगली चार वाक्यं, मराठीत. शब्द सापडेनात.

"गाडीची दोन तिकिटं काढूं न्हवे?" त्यांनी कसंबसं विचारलं.

तुळजाबाईंनी बॅगेची चेन ओढली. आत फक्त हेरंबरावांचेच शर्ट आणि नेसायच्या पांढऱ्या वेष्ट्या होत्या.

"एकच काढा," त्या म्हणाल्या आणि नातवाकडे गेल्या.